नऊ नंबरच्या खोक्यातला दगड

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, चहा उकळायच्या आत, माझे वडील खोटं बोलले होते हे सिद्ध झालं. वडिलांना जाऊन चार वर्षं झालीत, खोटं एकवीस वर्षांपूर्वीचं आहे आणि ते सिद्ध केलं न्हाणीघरातून उरलेल्या फरशीच्या एका तुकड्यानं. फरशीची पाठ, म्हणजे जी बाजू सिमेंटला चिकटते आणि जिच्याकडं माणूस एकदा घर बांधून झालं की जन्मात बघत नाही, ती खरखरीत आणि पांढरी असते. तिच्यावर दगड ओढायचा. आभाळातून पडलेला दगड सहसा रेघ उमटवत नाही, फार तर फिकट करडी सावली सोडतो. जमिनीतल्या लोखंडाचा दगड असेल तर विटकरी लाल रेघ येते. मी दगड ओढला आणि रेघ लाल आली. आडवी, सरळ, मास्तरांनी चुकलेल्या गणितावर मारावी तशी. आत चहाला उकळी फुटली. आईनं विचारलं, "युवराज, साखर एक का दीड?" मी म्हणालो, "दीड." एरवी मी एक घेतो.

खरं तर ही लाल रेघ मी पहिल्यांदा बघत नव्हतो. सहा वर्षांत तीनदा बघितली होती आणि तिन्ही वेळा म्हणालो होतो, कुंकू आहे. तसं म्हणायला जागा होती. हा दगड माझ्या आभाळातल्या दगडांच्या संग्रहातला क्रमांक एक असला तरी आईच्या मते तो देव्हाऱ्यातला आहे, त्यामुळं आमच्यात एक करार झालाय: दगड एरवी माझ्या खोक्यात आणि अमावास्येला, पौर्णिमेला तिच्या देव्हाऱ्यात. तिथून परत येताना तो हळदकुंकू, अक्षता, तेलाचं बोट आणि झेंडूची एखादी पाकळी घेऊन येतो, माहेराहून ओटी भरून आलेल्या बाईसारखा. आई हा करार पाळते. गेल्या श्रावणात एकदा मात्र तिनं तो मोडला. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, साधा बुधवार, आणि दगड देव्हाऱ्यात. मी भांडलो. ती म्हणाली, "आसू दे एक दिस." जगातल्या दुसऱ्या कुठल्या संग्राहकाला ही अडचण नसावी. रेघ लाल आली की तो समजून जातो. मला मात्र दर वेळी कुंकवाला पुढं करता येत होतं. पण आज संध्याकाळी रेवणसिद्ध काचेचं कपाट बसवायला येणार होता, त्यातला मधला कप्पा क्रमांक एकसाठी धरला होता आणि त्याच्या खाली लावायची चिठ्ठी तेवढी लिहायची राहिली होती. चिठ्ठी शाईनं लिहायची असते. म्हणून मी उठल्या उठल्या दगड भांड्यांच्या साबणानं दोनदा घासला, दातांच्या जुन्या ब्रशनं खळग्याखळग्यांतून एकवीस वर्षांचं कुंकू काढलं, पाणी गुलाबी, मग फिकट गुलाबी, मग स्वच्छ होईपर्यंत, आणि पंख्याखाली वाळवला. आता मध्ये कुंकू नव्हतं. फरशी होती, दगड होता आणि आप्पा होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील महारुद्र, हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहायचे. फडातून भरायचा, ढोकीच्या कारखान्यावर नंबर लावायचा, खाली करायचा, परत फडात. मी नऊ वर्षांचा असताना, माघातल्या थंडीत, ते तीन दिवस घरी आले नाहीत. ट्रॅक्टरचा मालक दोनदा दारात येऊन आभाळाकडं हात करून ओरडून गेला. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टरचा आवाज आला. आप्पा उतरले, दाढी वाढलेली, डोळे तांबडे, आणि दोन्ही हातांत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, नुकतं जन्मलेलं पोर धरावं तसं. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आणि म्हणाले, "आभाळातनं दगड पडला. म्हणून उशीर झाला." त्यांनी टॉवेल उलगडला. काळपट, जड, नारळाएवढा दगड. टॉवेलला रुपयाएवढं जळकं भोक. "गरम व्हता," आप्पा म्हणाले. नऊ वर्षांच्या माणसाला यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. पंक्चर झालं म्हणून उशीर होतो, पोरगी बघायला पाहुणे आले म्हणून उशीर होतो, तसा आभाळातून दगड पडला म्हणूनही होत असेल. आईनं दगड हातात घेतला, वजन केल्यासारखा जरा खालीवर केला, देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, कुंकू लावलं आणि आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. कुणी काही विचारलं नाही. मी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

त्या एका दगडाच्या मागं आता एक्केचाळीस दगड आहेत. हे कसं झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. तंबाखू खाणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी बाजारपेठेत कल्याणप्पांच्या चपलाबुटांच्या दुकानात कामाला आहे. युवराज नावाचा माणूस दिवसभर लोकांच्या पायांशी गुडघे टेकून बसतो यात पहिली दोन वर्षं लोकांना गंमत वाटायची, मग सवय झाली, मला आणि त्यांना. सहा वर्षांपूर्वी मोबाईलवर कळलं की आभाळातून पडलेले दगड लोक विकतात, घेतात, पोस्टानं मागवता येतात. पहिला आला तो अर्जेंटिनाचा, लोखंडाचा, अंगठ्याएवढा. मग सैबेरियाचा एक, पितळी खलबत्त्यात कुटून काढल्यासारखा. मग सहारा वाळवंटातले, काळ्या सालीचे, ज्यांना गावसुद्धा नसतं, नुसता नंबर असतो. लोखंडी दगडांचा शत्रू म्हणजे दमट हवा. जून लागला की ते गंजायला बघतात. घाम आल्यासारखे तांबूस थेंब धरतात. त्याला उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि आत कोरड्या दाण्यांच्या त्या छोट्या पुड्या, ज्यांच्यावर खाऊ नये असं लिहिलेलं असतं आणि ज्या नव्या बुटांच्या खोक्यातून निघतात. जगात चांगला संग्राहक होण्यासाठी माणसानं बुटांच्या दुकानात काम करावं, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं. पुड्या मी घरी आणतो, ओल धरली की आई त्या तव्यावर मंद आचेवर परतून देते. आणि दगड ठेवतो ते बुटांच्याच खोक्यांत. सैबेरिया लहान मुलांच्या चार नंबरात आहे. सहारातले सगळे लेडीज पाच आणि सहामध्ये. क्रमांक एक नऊ नंबरात. पहिल्या पगारात मी आप्पांना बूट घेतले होते त्याचं ते खोकं. आप्पा बूट दुकानातूनच घालून निघाले, खोकं माझ्या हातात राहिलं.

आईला हे खोक्यांचं कधी पटलं नाही. "आभाळातनं आलेलं, आन् चपलंच्या खोक्यात निजवतोस व्हय रं?" असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची. कपाट त्यामुळं ठरलं. दुसरं कारण म्हणजे घरात आता वावरायला जागा उरली नव्हती. कारण संग्रह नुसता माझ्या मनानं वाढत नाही. गल्लीत कळलं, मग गावात कळलं, मग लोक आपणहून दगड आणून द्यायला लागले. विहिरीच्या खोदकामातला आणला. जात्याची तुटकी तळी आणली. ईट गावच्या एका आजोबांनी पिशवीतून वीटभट्टीतला खंगर, म्हणजे जळून दगड झालेली वीट, आणला आणि मी नाही म्हटल्यावर माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो आता पलंगाखाली आहे. आमच्या शेजारच्या गोरोबाकाकांनी तर काचेच्या छोट्या शिशीत मुतखडा आणून दिला. मी म्हणालो, "काका, हा आभाळातला नाही." काका म्हणाले, "पडला का न्हाय पण? म्या सोता बघितलाय पडताना." शिशी मी ठेवून घेतली. कारण आमच्या छंदात दगडांच्या दोनच जाती आहेत, पडताना पाहिलेले आणि नंतर सापडलेले, आणि पहिल्यांचा मान मोठा. सापडलेला दगड हजारो वर्षं कुठंतरी उगाच पडून असतो. पाहिलेल्याला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतो. माझे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दगड सापडलेले. पाहिलेला एकच होता, क्रमांक एक, साक्षीदार महारुद्र, ट्रॅक्टर ड्रायव्हर.

चहा पिताना आई म्हणाली, "सकाळी सकाळी देवाला आंघोळ घातलीस जनू. आज कुठली अमुशा?" "कपाटात ठेवायचाय, म्हणून," मी म्हणालो. "बरं केलंस," ती म्हणाली. तिला आनंद झालेला दिसला.  आप्पा गेल्यापासून आभाळातल्या दगडाची गोष्ट तीच सांगते. कुणी घरी आलं की टॉवेल काढते, भोक दाखवते, त्यातून बोट घालून पलीकडून हलवते. गेल्या चार वर्षांत मला वाटत आलंय की तिच्याकडं आप्पांचं म्हणून एवढंच उरलंय, एक भोक आणि एक दगड. आणि मला तर कित्येक वर्षांपासून माहीत आहे की आभाळातून पडलेला छोटा दगड गरम नसतो. वरच्या हवेत त्याची साल पेटते, पण आत युगायुगांची थंडी असते, आणि जमिनीवर येईपर्यंत तो हाताला गार नाहीतर कोमट लागतो. टॉवेल जळत नाही. हे मी वाचलं त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि जेवायला बसलो. लोहचुंबक धरला तर चिकटतो, पण मनापासून चिकटत नाही, पाहुण्यानं लाडू घेतल्यासारखा. तेही मी बघितलं होतं आणि म्हणालो होतो, चुंबक जुना आहे. माणसाला एखादी गोष्ट नको असली की तो किती शास्त्रीय कारणं काढू शकतो. पण सगळ्याच्या तळाशी दगड नव्हताच. दगड आभाळातला नसेल तर नसेल, जमिनीतलाही काही वाईट नसतो. प्रश्न एवढाच होता की मग आप्पा तीन दिवस होते कुठं. आणि हे आईला कळू न देता ते कपाट कसं लावायचं.

दुकानात त्या दिवशी मी वाईट काम केलं. गुडघे टेकून बसलो की समोर पाय येतो आणि विचार थांबतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव, पण त्या दिवशी पाय आले आणि विचारही आले. तीन दिवस म्हणजे बाई असेल. लातूरला असेल, किंवा उमरग्याला. तिला मुलगा असेल, माझ्यापेक्षा थोडा लहान, त्याचंही नाव काहीतरी राजघराण्यातलंच असेल आणि तो आत्ता कुठल्यातरी दुकानात कुणाच्यातरी पायाशी बसला असेल. नाहीतर पत्ते असतील. नाहीतर पोलीस ठाणं. मी एकेका आप्पांना उभं करून बघत होतो आणि एकही त्यांच्या अंगाला येत नव्हता, सगळे एक नंबर मोठे नाहीतर एक नंबर लहान. साडेअकराला एक माणूस आला, त्यानं चप्पल काढली. रुंद पंजा, अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब, टाचेला भेगा. हुबेहूब आप्पांचा पाय. "नऊ," मी माप न घेताच म्हणालो. "व्हय, नऊ," तो म्हणाला. मी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" "मुरूड." "वडील काय करतात?" "घरीच असतेत. का ओ?" "नाही, त्यांचाही पाय असाच आहे का? नऊ नंबर?"  "त्यांला पायच एक हाय," तो म्हणाला. "शुगर झालती. पण हाय त्यो नऊच हाय." मी त्याच्या पायात बूट चढवला, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. गल्ल्यावरून कल्याणप्पा म्हणाले, "युवराज, बूट विकायलायस का सोयरीक जुळवायलायस?"

दुपारी डबा खाताना मला गेल्या श्रावणातला तो बुधवार आठवला. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, सांगण्यासारखी ती नाहीच, तिच्यात काही घडत नाही. दुकान लवकर बंद झालं होतं. मी घराकडं निघालो आणि पाय एसटी स्टँडकडं गेले. तिथं हैदराबादच्या फलाटासमोर जाऊन उभा राहिलो. हैदराबादला माझं कुणी नाही. मला तिथं काही घ्यायचं नव्हतं, कुणावर राग नव्हता, घरी भांडण नव्हतं, सकाळी पोटभर भाकरी खाल्ली होती. फक्त अंगातून एक गार, सपाट काहीतरी चाललं होतं, आणि त्याला नाव नव्हतं, सहारातल्या दगडांसारखा नुसता नंबर असावा तसं. गाडी लागली. लोक चढले. एका बाईनं आत जाऊन खिडकीतून माझ्याकडं हात पसरला, पिशवी द्या म्हणून, मी तिची पिशवी तिला दिली. कंडक्टर म्हणाला, "चला, येतायसा का?" मी त्याच्याकडं असं बघितलं, जणू उत्तर त्यालाच माहीत असावं. गाडी गेली. डिझेलचा वास राहिला. माझ्या हातात रिकामा डबा होता आणि तो घेऊन घरी कसं जायचं ते मला सुचेना. नेहमीच्याच वाटेनं, नेहमीच्याच डब्यासह, पण जमेना. मग आठवलं, सहाराचं एक पार्सल पोस्टातून दुकानात येऊन पडलंय. परत गेलो, कुलूप काढलं, पार्सल काखेत मारलं, आणि मग घरी जाता आलं. आई म्हणाली, "आलास का." मी म्हणालो, "पार्सल आलं होतं." क्रमांक एकोणचाळीस.

संध्याकाळी रेवणसिद्धानं कपाट बसवलं. त्याचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे, मुळात तो खिडक्यांचा माणूस, आणि कुठल्याही गोष्टीची आरपार बाजू बघायची त्याला सवय. "भाऊ, काच पाच एमएमची हाय," तो म्हणाला. "ह्याच्यात तुमी म्हैस हुबी केली तरी मोडायची न्हाय." "म्हैस नाही ठेवायची." "न्हाय, अंदाज दिला." त्यानं कप्प्यांच्या वर पांढऱ्या दिव्यांची पट्टी चिकटवली, बटण दाबलं आणि मागं सरून बघितलं. "दगडाला लाईट," तो म्हणाला. "आमचं म्हातारं गेल्या दिवाळीपस्नं खोलीत बल मागायलंय." मी खोकी उघडून एकेक दगड हातमोज्यानं ठेवत गेलो. अर्जेंटिना, सैबेरिया, सहारा. दाण्यांच्या पुड्या मागच्या खाचेत. प्रत्येकाखाली चिठ्ठी: नाव, गाव, कुठल्या जातीचा, पडताना पाहिला का नंतर सापडला. वरचा कप्पा झाला, खालचे दोन झाले. मधला राहिला. त्याच्यावर दिव्याचा उजेड सगळ्यात चांगला पडत होता, आणि तो नुसत्या काचेवर पडून भिंतीवर जात होता. रेवणसिद्ध म्हणाला, "हे मोकळंच?" "त्याचं जरा चाललंय." "तंवर गणपती ठेवा," असं म्हणून त्यानं हत्यारं गोळा केली, चहा प्याला आणि गेला.

आई पदराला हात पुसत आली आणि कपाटापुढं उभी राहिली. काचेत ती दिसत होती, तिच्या पोटाशी सैबेरिया. "लई झ्याक," ती म्हणाली. मग, "ह्यो मधला का रिता?" मी दिवसभर वाक्यं जुळवली होती. शास्त्र पुढं जात असतं, आई. आप्पांना तसं वाटलं असेल, पहाटेची वेळ. माणसाची चूक होते. यातलं एकही तोंडातून आलं नाही. "ठेवायचाय," मी म्हणालो. "मग ठेव की. का मुहूर्त बघायलायस?" "त्याचं जरा नक्की नाही." "कशाचं?" मी म्हणालो, "नीट तपासायला पाहिजे एकदा. काही नसतं, उगाच पद्धत असते."  ती वाकली आणि खोक्यांच्या मागं मी दडवलेला फरशीचा तुकडा तिनं सहज उचलला, जसं काही तो तिथं आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उजेडात धरला. अंगठ्यानं लाल रेघ पुसली, अंगठा बघितला.

"हे कुंकू न्हाय," आई म्हणाली. "ह्यो गेरू हाय. म्या चूल सारवलीया ह्येनं ल्हानपणी." आणि माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, "एवढी बुकं वाचून लई दिस लावलेस की रं."

मला वाटतं मी खाली बसलो. बसायला नऊ नंबरचं खोकंच होतं, ते दबलं. "तुला माहीत होतं?"

"म्या काय खुळी हाय व्हय? दगड पडला म्हणून मानूस तीन दिस उशीर करतंय? दगड येचायला किती येळ लागतोय?" ती पलंगावर टेकली. "आन् ट्रॅक्टर आपल्या घरावरनं गेल्याला म्या ऐकला व्हता. पहिल्या दिशीच. त्या ट्रॅक्टरचा आवाज म्या झोपंत वळखत हुते. कारखान्याकडनं आला, हितं गल्लीच्या तोंडाला जरा हळू झाला, आन् गेला तुळजापूरकडं."

"मग विचारलं नाहीस?"

"काय इचारू? चार दिसांनी मानूस दारात हुबा, हातात दगड. उंबऱ्याच्या आत येईना. म्या इचारलं असतं तर त्येंला सांगावं लागलं असतं. आन् सांगता आलं नसतं तर गेलं असतं परत. मानसाला घरात याया हातात कायतरी लागतंय, युवराज. रित्या हातानं येता येत न्हाय. म्हनून दगड घेतला, देव्हाऱ्यात ठिवला. देव्हाऱ्यातल्याला कुणी इचारत न्हाय, कुठनं आलास."

"आणि मला का नाही सांगितलंस? मी बेचाळीस दगड जमवले."

"तू तर त्याच दिशी समद्या साळंला सांगून आलतास. मास्तर बघाया आलं. त्येंनी तुज्या आप्पाला इचारलं, कसा पडला. ह्येंनी सांगितलं. मग दुसऱ्यांनी इचारलं, तवा आजून जरा नीट सांगितलं. वरीसभरात त्येंचं त्येंनाच खरं वाटाया लागलं." ती हसली. "टॉवेलचं भोक बिडीचं हाय."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, बंद केली. मी विचारलं, "मग होते कुठं?" आणि विचारल्यावर वाटलं, नको सांगू. लातूर, उमरगा, ठाणं, सगळे आप्पा रांगेत उभे राहिले.

"नळदुर्गला," आई म्हणाली. "हायवेला मल्लम्माचा ढाबा हाय. तेराव्याला आलती बघ ती, हिरव्या लुगड्याची, कानडी हेल काढून रडत हुती. म्या आदी नीट बघून घेतलं तिला. सत्तरीची बाई, तोंडात दात न्हाईत. म्हनलं, न्हाय, ही न्हाय. तिनं सांगितलं. तीन दिस बाजंवर बसून हुते. जेवायचे, ट्रका बघायचे, कुणाशी बोलायचे न्हाईत. तिनं इचारलं, कुठं जायचं हाय तुमाला. तर म्हनले, त्येच बघायलोय. चवथ्या दिशी पहाटं दगडानं भरल्याली ट्रक आली, ढाब्यापुढच्या खड्ड्यात आदळली, आन् वरनं ह्यो दगड उडून बाजंच्या पायाशी आला. वीतभर इकडं असता तर पाय गेला असता. ट्रक थांबली बी न्हाय. हे उठले. दगड उचलला, उलटासुलटा करून बघितला, मल्लम्माला म्हनले, जातो आता. आन् आले."

मी तो खड्डा डोळ्यांपुढं आणला, ट्रक, पहाटेचा गारठा, बाजेवर गोधडी पांघरून बसलेला माझ्याच वयाचा माणूस. तेव्हा ते तीसचेच होते. मला हे पूर्वी कधी सुचलं नव्हतं. "पण गेले का होते?"

"मरायच्या आदी एकदा इचारलं म्या. एकदाच. म्हनले, कटाळा आलता. म्हनलं, कशाचा? माजा? पोराचा? म्हनले, न्हाय, कुणाचाच न्हाय. नुस्ता." तिनं फरशीचा तुकडा माझ्या हातात दिला. "तू बी श्रावणात टँडवर हुबा हुतास म्हनं. हैदराबादच्या गाडीम्होरं. घंटाभर. भाजीवालीनं सांगितलं मला, तू घरी याच्या आदीच."

माझ्या अंगातून ते गार, सपाट काहीतरी एकदा पुन्हा गेलं, पण या वेळी पलीकडून निघून गेलं, टॉवेलच्या भोकातून आईचं बोट निघतं तसं. तो बुधवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही. आसू दे एक दिस.

"म्या इचारलं का?" आई म्हणाली, आणि उठून दगड आणायला गेली.

दगड तिनं हातमोजा न घालताच मधल्या कप्प्यात ठेवला, जरा तिरका, नाक पुढं करून. दिव्याखाली तो लोखंडासारखा दिसत होता, म्हणजे जसा आहे तसाच. मी चिठ्ठी घेतली आणि शाईच्या पेनानं लिहायला बसलो. शाई वाळेपर्यंत आई तिथंच थांबली. तिला वाचता येतं, पण चष्मा आत होता. "वाच की," ती म्हणाली.

"क्रमांक एक," मी वाचलं. "गाव, नळदुर्ग. पडताना पाहिलेला. साक्षीदार, महारुद्र. कुठून पडला, वरून."

आईनं विचार केला. "बराबर हाय," ती म्हणाली. "ट्रक उंचच असती." मग आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली, आणि मी कपाटाची काच तिच्यासाठी बाजूला सरकवून धरली.